दीड आणि शून्य

पेणच्या कारखान्यातून गौरीचे मुखवटे कासूला घरी आणून शिल्पा त्यांचे डोळे आखत असे. मार्चमधल्या त्या सकाळी डॉ. वैशाली रोह्याहून पहिले इंजेक्शन द्यायला आल्या, तेव्हा तिने नुकताच एक मुखवटा संपवला होता. शेजारी तिची नऊ वर्षांची मुलगी सोनी हनुवटी वर उचलून बसली होती. मान सरळ धरली की उतरलेल्या पापण्यांखालून तिला दिसत नसे.

तिच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच तिच्या स्नायूंवर उलटली होती. दुपारनंतर तिला भाकरीही चाववत नसे. चाचणी नव्या औषधाची होती. कुपीत औषध आहे की नुसते मिठाचे पाणी, हे वैशालींनाही कळणार नव्हते. त्यांनी पट्टी धरून सोनीच्या डोळ्यातल्या बाहुलीच्या मध्यापासून पापणीपर्यंतचे अंतर मोजले. उजवीकडे दीड मिलिमीटर, डावीकडे शून्य.

"बरी व्हईल ना ओ, मॅडम?"

"तेच तर पाहायचे आहे, शिल्पाताई."

मे महिन्यात दोन्ही मापे वाढली. शिल्पाने मात्र मार्चमध्ये संपवलेला, फळीवरचा तो मुखवटा दाखवला. "ह्यो मीच आखलाय. पण अशी झोपाळू पापणी मी काढतच नाय."

"दमट हवा आहे. रंग ओघळला असेल," वैशाली म्हणाल्या. रंग खडखडीत कोरडा होता. पापणीची कड केसासारखी रेखीव होती.

जुलैत मुखवट्याची पापणी आणखी उतरली. बाजूचे अकरा मुखवटे टक्क पाहत होते.

ऑगस्टमध्ये शेवटची भेट. पापणी आधी कोणाची लवते, या पैजेत सोनी मिनिटभर वर, उभ्या वैशालींच्या डोळ्यांत पाहत राहिली. पापणी ढळली नाही.

"मॅडम, तुमचीच लवली! हरलात!"

वैशाली मोकळेपणी हसल्या. दोन्हीकडे चार मिलिमीटर. शिल्पा पदरात तोंड लपवून रडत होती. 'अनिष्ट परिणाम' या रकान्यात वैशालींनी समाधानाने 'नाहीत' असे लिहिले.

मग, केवळ खातरजमा म्हणून, त्यांनी पट्टी मुखवट्याला लावली.

उजवीकडे दीड. डावीकडे शून्य.

पुन्हा मोजले. तेच.

"गौरी तोंडावर आल्या," शिल्पाने डोळे पुसून कुंचला भिजवला. "शेठ वरडंल. दोन मिन्टात डोळं उघडते ह्याचं."

वैशालींनी तिचे मनगट धरले.

"का ओ, मॅडम?"

"शेठना सांगा, फुटला."

सोनी अंगणात पळाली. मुखवटा वैशालींनी स्वतः फळीवर, भिंतीला टेकवून, सरळ ठेवला.

हात काढला, तेव्हा त्याची हनुवटी वर उचललेली होती.