तळेगावचं फडकं

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या आतेबहिणीच्या, मोहिनीच्या डोळ्यांदेखत घडलं.

साल २००४, मे महिना. वर्ध्याजवळच्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय. नाव विचारू नका, तिथे अजून लोक नोकऱ्या करतात.

आणि रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती.

मोहिनी त्या ग्रंथालयात सहायक. तिचा नवरा अंकुश फोटोग्राफर. लग्नांचे फोटो काढून काढून कंटाळलेला, पण कॅमेरा म्हटलं की तहानभूक विसरणारा. बोटं लांबसडक आणि भारी नाजूक. मोहिनी माणसावर नाही, बोटांवर भाळली असं म्हणून आम्ही बहिणी तिला चिडवायचो.

विद्यापीठाने ठरवलं की संशोधकांसाठी एक खास फोटोची खोली उभारायची. जुन्या पोथ्यांवरची उडालेली शाई, पुसलेली अक्षरं, साध्या डोळ्यांना न दिसणारं सगळं टिपणारी. वेगळ्या किरणांचा कॅमेरा आला, दिवे आले, संगणक आला. अंकुशला तात्पुरतं घेतलं. दिल्लीची समिती येऊन खोली पाहणार, काम पसंत पडलं तर तो कायम होणार. त्याचं सगळं आयुष्य त्या खोलीत अडकलं होतं.

खोली मिळाली ती जुनी पुस्तकं बांधायची. कागद कापायचं लांब दांड्याचं पात्याचं यंत्र, कटर, तिथेच होतं. जमिनीत बोल्टांनी आवळलेलं, म्हणून कोणी हलवलं नाही.

अडचण एकच होती. खोलीत मिट्ट अंधार हवा, आणि वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन कुठल्याही फटीतून घुसतं. मागवलेला काळा कपडा काही येईना.

त्याच आठवड्यात तळेगावच्या पुंडलिकरावांनी घरातली पोथी ग्रंथालयाला दिली. ती घेऊन आल्या त्यांच्या बायको, वच्छलाबाई. पोथी एका लांबलचक काळ्या फडक्यात बांधलेली, गाठीवर गाठ.

"पोथी ठेवा बाई," त्या मोहिनीला म्हणाल्या. "पण हे फडकं मले वापस पाठवजा. अन रिकामं नका पाठवजा. मूठभर गहू बांधजा त्याच्यात."

आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. कोणाचा डबा, कोणाचं फडकं घरी आलं की ते रिकाम्या हाती परत जात नाही. मोहिनीने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत गेली, तर अंकुशने ते फडकं कात्रीने मधोमध कापलं होतं. अर्धं खिडकीला, अर्धं दाराला.

"अहो, लोकाचं हाय ते! काऊन कापलं?"

"समिती येऊन जाऊ दे. शिवून, धुऊन, इस्त्री करून देतो तुह्या वच्छलाबाईले. आता डोकं नको खाऊ."

तो खिळे ठोकत होता. ठक... ठक...

आणि प्रत्येक घावानंतर...

कोणीतरी दातावर दात दाबून श्वास आत ओढत होतं.

"नत्थूजी, तुम्ही व्हय का?" अंकुशने विचारलं.

शिपाई नत्थूजी तर बाहेर व्हरांड्यात होते.

संध्याकाळी नत्थूजी खोली झाडायला गेले. पडद्याजवळ वाकले आणि दिवा त्यांच्या तोंडावर फुटला. काचा गालात घुसल्या, एक तर आरपार. तोंडातून रक्त गळत असताना ते बोट दाखवून एकच सांगत राहिले... दिव्याची पिनसुद्धा लावलेली नव्हती.

मोहिनीने फडकं काढायला सांगितलं. अंकुश ऐकेल तर शपथ.

समिती यायच्या आदल्या दिवशी त्याने तळेगावच्याच पोथीचा फोटो काढून पाहिला. मागे खिडकीचा पडदा आला होता. त्या कॅमेऱ्याला कपड्यावरचा काळा रंग दिसत नाही, रंगाखालचा डाग मात्र दिसतो. संगणकावर फडकं पांढरंफेक आलं.

आणि त्या पांढऱ्यावर शिंतोडे. ओघळ. मोठमोठे थारोळ्याचे डाग.

मधोमध एका हाताचा ठसा.

त्याला दोन बोटं नव्हती.

"पाह्य, काय कॅमेरा हाय!" अंकुश खुश. त्याने लगेच दुसरा फोटो काढला.

दुसऱ्या फोटोत... तो ठसा खाली सरकला होता. पोथीच्या दिशेने.

मोहिनी तशीच उठून बाहेरच्या टेबलाशी गेली आणि तिने तळेगावला फोन लावला.

"बाई, फडक्यावर रगत हाय. कोणाचं व्हय ते?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "माह्या सासूचं लुगडं व्हय ते. तिले वाचाचा लय नाद. दुपारी सारे झोपले का लपून पोथी वाचे. सासऱ्यानं पाह्यलं एक दिवस. तिचा हात उंबरठ्यावर दाबला अन कुऱ्हाड घातली. दोन बोटं तुटली. ती वरडली म्हून मंग डोक्यात घातली. एकदा नाई, लयदा."

मोहिनीने फोन कानाशी दाबून धरला.

"लुगडं काळं रंगवलं अन त्याच्यातच पोथी बांधली. तिनं पुन्हा उघडू नाई म्हून. आमी दरसाली मूठभर गहू घालतो. तिचा हात रिकामा ठेवू नाई, बाई."

"अन बोटं?"

"नाई सापडली. तुमी फडकं कापलं त नाई ना?"

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. सगळं ग्रंथालय चिडीचूप.

आणि आतून... धाड!

मग अंकुशची किंकाळी.

मोहिनीने दार ढकललं. खिडकीवरचं फडकं खिळ्यांसकट उपटून निघालं होतं. त्याचा पीळ अंकुशच्या उजव्या मनगटाला आवळला होता, आणि ते त्याला फरशीवरून फरफटत नेत होतं. फडक्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. त्याचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, कातडी उलली. खिळ्यांनी दंड फाडला.

तिने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सगळा जोर लावून मागे ओढलं. पण ओढणारीचा जोर जास्त होता.

अंकुशचा हात कटरच्या पाट्यावर जाऊन पडला. पंजा पसरलेला. कोणीतरी दाबून धरावा तसा.

लांब दांडा... हळूहळू... आपला आपण वर गेला.

"नका हो!" मोहिनी ओरडली. कोणाला, ते तिलाही ठाऊक नाही.

पातं खाली आलं. पहिल्या घावात हाड तुटलं नाही. दांडा पुन्हा वर गेला.

दुसऱ्या घावाचा आवाज मोहिनीने मला एकदाच सांगितला. मी तो लिहिणार नाही.

फडकं एकदम सैल पडलं. साधं, जुनं, निर्जीव फडकं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोन्ही बोटं आणा, लवकर आणा, अजून जोडता येतील. मोहिनी तशीच रक्ताच्या साडीने परत आली. गालाला पट्टी बांधलेले नत्थूजी आणि ती, दोघांनी गुडघ्यांवर रांगून ती खोली पालथी घातली. कटर खोलून पाहिला. खोलीला एकच दार, आणि दवाखान्यात जाताना त्याला बाहेरून कुलूप घातलेलं.

बोटं नव्हती.

अंकुश दवाखान्यातून घरी आल्यावर मोहिनीने फडक्याचे दोन तुकडे शिवले, गहू बांधले आणि ती तळेगावच्या बसमध्ये बसली. वच्छलाबाईंनी गाठ सोडली. गव्हात हात घातला, मोहिनीच्या तोंडून झालेलं ऐकलं आणि हात तसाच थांबवला.

"पोथी कुठी हाय?"

"कपाटात. कुलपात."

"मोकळी?" म्हातारीचा चेहरा उतरला. "ने हे फडकं वापस. पोथी बांध, आवळून बांध. तिच्या हाती आता बोटं हाय, पोथी उघडाले."

मोहिनी परतली. भर दुपारीच तिने पोथी फडक्यात घातली आणि दात खाऊन गाठ आवळली.

त्याच वेळी घरी अंकुश खाटेवरून खाली पडला. शेजारपाजारचे धावले. तो नुसता ओरडत होता, "माही बोटं! कोणी आवळून राह्यलं माही बोटं!" जखमेची पट्टी लाल होऊन गळायला लागली. शेजारणीने ग्रंथालयात फोन केला.

मोहिनीने फोन ऐकला. गाठीकडे पाहिलं.

काय करणार होती ती? नवरा होता तिचा. तिने आपल्या हातांनी गाठ सोडली.

तिकडे अंकुश शांत झाला.

त्या वेळी टळलेली समिती नंतर आली. खोली पसंत पडली, संशोधक अजून तिथून फोटो काढून नेतात. अंकुश काही कायम झाला नाही, त्याने कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही. पोथी त्याच कपाटात आहे, मोकळी. सकाळी मोहिनी पानं नीट लावून ठेवते. संध्याकाळी वर दुसरंच पान असतं.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. अंकुश डाव्या हाताने भाकर मोडत होता. मध्येच थांबला. दोन बोटं गेलेल्या त्या उजव्या पंजाकडे बघत राहिला.

"काय झालं भाऊजी?"

"काई नाई." तो कसंनुसं हसला. "वाचून राह्यली. कागद लागते मले, बोटं नाई तिथी."

मोहिनीने मान खाली घातली.

तो अगदी हळू बोलला, "ते सहन होते. पण पान उलटायच्या आधी ती बोट जिभेले लावते... ओलं लागते."

आणि त्याने बोटं नसलेली ती जागा सदऱ्याला पुसली.

त्या दिवसापासून मी वाचताना बोट जिभेला लावत नाही.