घुमटाबाहेरचा दिवा

डोंगरमाथ्यावरच्या त्या वेधशाळेचा एक नियम मोडायची कुणाची टाप नव्हती. दुर्बिणीचा घुमट उघडा असला की बाहेर दिवा लावायचा नाही, नाहीतर ताऱ्यांचा फोटो बिघडतो. जीपसुद्धा शेवटच्या वळणावर दिवे मालवायची. पुढची वाट पायी, अंधारात, चाचपडत.

वहिनी आज पहिल्यांदाच वर येत होत्या. "ते रात्र रात्र काय बघायचे, मलाही एकदा बघू द्या की भाऊजी," असं वर्षभर इथल्या शास्त्रज्ञाला म्हणत होत्या. त्यांचे यजमान म्हणजे बापू. घुमटाची यंत्रं सांभाळायचा, हात सदा ग्रीसने काळे. शास्त्रज्ञाचा जिवलग मित्र. गेल्या साली कड्यावरून पडला आणि गेला. "मला काहीच ऐकू आलं नाही हो," असं शास्त्रज्ञाने वहिनींना सांगितलं, आणि त्या बिचारीने विश्वास ठेवला. तेच त्याला खात होतं. त्यांच्या घरचा चहा त्याच्या घशाखाली उतरत नसे.

कारण ऐकू आलं होतं, अगदी स्पष्ट. "अरे, वाट सापडेना, दिवा लाव!" बापू ओरडत होता. आणि याने खिडकीतून उत्तर दिलं होतं, "बापू, थांब रे दोन मिनिटं, फोटो पुरा होऊ दे."

आज वहिनींना खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलं होतं. पण खाली जीप थांबल्याचं ऐकूनही तो उठला नाही. 'जातोच आता' म्हणत तो फोटोच्या पडद्यापाशी रेंगाळत बसला.

तेवढ्यात बाहेरून वहिनींचा आवाज आला. "अहो भाऊजी, हळू... किती ओढताय..."

तो तर आत होता!

"गेला खड्ड्यात फोटो!" म्हणत त्याने धावत जाऊन बाहेरचा मोठा दिवा लावला. वहिनी कड्याच्या अगदी टोकाशी, एक हात पुढे करून उभ्या होत्या. जवळ कुणीही नव्हतं. त्याने त्यांना मागे खेचलं.

"तुम्हीच तर हात धरून आणलंत," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि मला 'बापू' का म्हणत होतात? 'बापू, थांब रे दोन मिनिटं, फोटो पुरा होऊ दे'... सारखं आपलं तेच..."

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"भाऊजी... तुम्हाला ऐकू आलं होतं?"

त्याने मान खाली घातली. वहिनींच्या मनगटावर ग्रीसची काळी बोटं उमटली होती. पुसायला म्हणून त्याने रुमाल लावला. ग्रीस अजून कोमट होतं.