स्वप्ना वर्गात आहे

आधीच सांगतो, भुताखेतावर माझा इस्वास न्हाई. पण त्या कालेजातल्या मोबाईलवर तर त्याहून न्हाई.

धाकटी बहीण स्वप्ना बीडच्या हॉस्टेलातून नेकनूरला घरी आली अन् भिंतीकडं तोंड करून पडली. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. आई डोक्याला निलगिरीचं तेल चोळत बसायची, अन् ही डोळेबी मिटायची न्हाई. कालेजात पोरांच्या मनाचं बघणारी एक मॅडम हाय म्हणून ऐकलतं. तिची येळ घ्यावी म्हणून सोमवारी दुपारच्या बसनं गेलतो. बस्स, एवढंच काम.

तिच्या वर्गाचे विजयसिंह सर खुर्चीतून हाललेबी न्हाईत. मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हे बघा. मुलं वर्गात येतात का, अभ्यास करतात का, मन कसं आहे, सगळं यात कळतं. ज्याचं नाव लाल होतं, त्यालाच मॅडमकडे पाठवायचं. तुमच्या बहिणीचं हिरवं आहे. रोज हजर. आत्ताही वर्गातच आहे."

माझ्या डोक्यात सणकच गेली. "सर, ती घरी पडलीय! आई उशाला बसलीय तिच्या!"

"मग चला, डोळ्यांनीच बघा."

लाईट गेलती. जिन्यात भर दुपारी अंधार. वर्ग भरलेला होता, पण आतून चुळबुळ म्हणून न्हाई. दारापाशी आलो अन् निलगिरीचा वास आला...

तास कुणाचाच न्हवता. तरी सगळी पोरं कोऱ्या फळ्याकडं बघत बसलती. खिडकीजवळच्या बाकावर स्वप्ना. ताठ. हसरी.

मी तिथंच आईला फोन लावला. "आई... स्वप्ना कुठंय?"

"कुठं असन? हितंच. भिंतीकडं बघायली. कावून रे?"

फोन कानाला तसाच ठेवून मी बाकापाशी गेलो. "स्वप्ने..."

तिनं मान वळवली. "मी बरी आहे," म्हणली. अगदी शुद्ध, पुस्तकातलं. आमची स्वप्ना जन्मात असं बोलली न्हाई.

"ऐकलंत ना?" सर दारातून म्हणले. "बरी आहे म्हणतेय."

तिथं माझं टाळकंच सरकलं. अरे, माझी बहीण तिकडं वाळून चाललीय, अन् ह्यांना हे हसरं थोबाड पुरं झालं! हे हितं बसलंय तवर मॅडम काय तिच्याकडं बघणार हाय! मी तिचं मनगट धरलं अन् उठवायला ओढलं. हात थंडगार. अन् जड, जात्याची तळी ओढावी तसा.

फोनात आई किंचाळली. "बजरंगा! बोलली रे स्वप्ना! मनगट धरून रडायली... म्हणती, दादा, हात सोड, लई दुखतंय..."

"सोडा तिला!" सर ओरडले.

"न्हाई सोडत! काय करायचं ते करा!" मी आणखी आवळलं. "आई, रडू दे तिला. पोटभर रडू दे!"

स्वप्नाच्या बाकाचे पाय फरशीवर करकरले. त्या आवाजानं सगळ्या पोरांनी माना माझ्याकडं वळवल्या. सगळी तशीच हसत होती. पापणी कुणाचीच लवत न्हवती... त्यांच्या घरी कोण कोण भिंतीकडं तोंड करून पडलं असन, मला काय ठाऊक? माझे हात दोनच, अन् एकात फोन.