भाताच्या खाचरातला कळंब

रतनच्या बारशाच्या दिवशी नव्या धरणाचं पाणी गावाच्या वेशीला लागलं होतं, म्हणजे साल सत्तावीसचं. पाळण्याची दोरी धरायला भावकीतलं कुणी आलं नाही. कारण रतनचा बाप रायबा कुणबी आणि आई बनाबाई धनगराची! त्याच पावसाळ्यात रायबा तापानं गेला, घरं पाण्याखाली गेली, भावकी वाट फुटेल तिकडे पांगली... आणि बनाबाई लेकीला पाठीशी बांधून वेल्ह्याच्या डोंगरात भावाच्या मेंढरांमागं निघून गेली.

रतन लग्नाची झाली. आंबवड्याच्या आनंदरावांनी तिला सून म्हणून पसंत केलं, पण उठताना म्हणाले, "पोर सोन्यावाणी हाय. पर तिच्या बापाच्या कुळाचं देवक कोण बसवणार? भावकीतलं जोडपं आणा, न्हाईतर आमची मंडळी मांडवात यायची न्हाईत."

विधवेला देवक बसवता येत नाही. मग बनाबाई धाकट्या दिराच्या, चिमाजीच्या शोधात निघाली. सारोळ्याच्या बाजारात कुणी सांगितलं, वरंध्याच्या वाटेला बघा. ती हिर्डोशीला पोचली आणि एका बांधावर थबकलीच! भाताच्या खाचरात ऐन मधोमध भलामोठा कळंब उभा! त्याच्या सावलीतलं भात पोचट पडलेलं, तरी कुणी फांदीला कोयता लावलेला नव्हता. कळंब रायबाच्या कुळाचं देवक. त्याची काटकीसुद्धा तो चुलीत घालू देत नसे. तिच्या काळजात एकदम उजेड पडला...

"कोण ग ती? आमच्या झाडाला दिष्ट लावतीस व्हय?" खाचरातून आवाज आला. तीच अंबूबाई, चिमाजीची बायको! तोंड तसंच, केस तेवढे पांढरे.

बनाबाईनं हात जोडले. "अंबू, रतनच्या देवकाला दोघं बसा. पोरीची आई म्हणून तुजंच नाव सांग. म्या धनगराची, लग्नाला येत न्हाई... लांबूनसुदीक बगणार न्हाई!"

चिमाजी चिखलातून धावत आला आणि तसाच तिच्या पायांवर वाकला. "वैनी! दरसाल तुमच्या धनगरांच्या तळावर हिंडलो म्या... 'रायबाची लेक कुठं हाय?' समदे म्हणायचे, अशी कुणी न्हाईच!"

भावकी पोर ओढून नेईल या भयानं बनाबाईनंच तळातळावर निरोप धाडला होता, विचारायला येईल त्याला ओळख देऊ नका म्हणून! इतकी वर्षं तो शोधत होता, आणि इतकी वर्षं ती लपत होती...

"आन् तू न्हाई येणार व्हय लग्नाला?" अंबूबाई कमरेवर हात ठेवून गरजली, पण डोळे तिचेही वाहत होते. "पोरीला काय म्या जन्म दिला? पाळण्याला आले न्हाई, त्ये अजून सलतंय मला. गुमान माज्या शेजारी हुभी ऱ्हायाची. आन् रडायचं न्हाई! रडायला म्या हाय."

"तू रडलीस तर वऱ्हाड पळंल की!" चिमाजी म्हणाला, आणि तिघंही रडता रडता हसू लागली.

लग्न थाटात झालं. कळंबाची डहाळी चिमाजीनं मांडवात आणली, अंबूबाईनं पुजली. आनंदरावांनी नवऱ्यामुलाला आधी बनाबाईच्या पायांवर घातलं.

पुढं दोघी जावा एकाच चुलीवर भांडत नांदल्या. अंबूबाई शेहेचाळीस सालच्या भाद्रपदात बनाबाईच्या मांडीवर गेली. बनाबाई लगेच पुढच्या माघात हिर्डोशीला वारली. अग्नी चिमाजीनं दिला.