सत्याऐंशी सालची वही

सोमवारी सकाळी प्रसूतिगृहातलं कपाट उघडलं, तर सत्याऐंशी सालची जन्मनोंदीची वही जागेवर नव्हती. शहाऐंशीची होती, अठ्ठ्याऐंशीची होती. मधे नुसती फट.

"दुपारी तीनला कंपालाहून समिती येतेय," डॉक्टर लुब्वामा म्हणाले. "मूळ वही दाखवली नाही, तर बीजनिधी गेला."

मसाकाच्या वाटेवरच्या त्या मिशन इस्पितळाला असा निधी पहिल्यांदाच मिळू पाहत होता. अट एकच, एक गणिती आणि एक डॉक्टर अशा दोघांनी मिळून अर्ज करायचा. कल्पना रुजतेय का ते बघायला थोडे पैसे मिळायचे. लुब्वामा तान्ह्या बाळांचे डॉक्टर, बिरुंगी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारी. कुठल्या बाळाचा श्वास अडेल हे जुन्या नोंदींवरून आधीच ओळखायचं, आणि त्याच्यासाठी श्वास देणारी पिशवी तयार ठेवायची, असा त्यांचा बेत.

नान्तोंगो, इथल्या सगळ्यांची जज्जा म्हणजे आजी, दारात उभी होती. एकतीस वर्षं तिनं इथली नोंदीची खोली सांभाळली होती. आज तिला मुद्दाम बोलावलं होतं, फिकटलेली अक्षरं वाचायला.

"कुलूप?" तिनं विचारलं.

"शाबूत आहे."

"किल्ली?"

"दारामागच्या खिळ्याला. नेहमीसारखी."

"म्हणजे खिळा ठाऊक असलेलं माणूस. आपल्यातलंच."

तिनं फटीत बोट फिरवलं. बोटाला तांबूस तंतू चिकटून आले. ते तिनं रुमालात गुंडाळले.

"खरं सांगू?" लुब्वामा हळूच म्हणाले. "त्या वहीतल्या एकोणीस ओळी बिरुंगीबाईंना खुपत होत्या. काढून टाका म्हणत होत्या."

"मी इथंच उभी आहे, डॉक्टर," बिरुंगी म्हणाली. "वही चोरायची होती, तर बोटं मोडेस्तोवर सगळं कॉम्प्युटरवर कशाला चढवलं असतं?"

"ओळी का खुपल्या, मुली?" नान्तोंगोनं विचारलं.

"निकालाच्या रकान्यात 'मृत जन्मलं'. आणि पुढे, जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांत घालायच्या औषधाच्या रकान्यात बरोबरची खूण. मला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकला."

"एकोणीस वेळा?"

बिरुंगीनं कॉम्प्युटर उघडला.

"कुणाला बोललीस हे?"

"कुणाला नाही. म्हणजे, काल चर्चनंतर इथल्या जुन्या सुईण तेओपिस्ता सिस्टरांनी चहाला बोलावलं, तेव्हा. त्यांचंच अक्षर ना ते! त्यावर काही बोलल्या नाहीत. उद्या वाचायला कोण येणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नान्तोंगो जज्जा. तर म्हणाल्या, त्या म्हातारीला कशाला चढ चढायला लावता?"

"कॉम्प्युटरवरच्या त्या ओळी दाखव."

नावं उतरवून घेतलेली नव्हती. तारीख, मुलगा की मुलगी, खुणा, एवढंच. नान्तोंगोचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं आणि तेराव्या ओळीवर थांबलं. चौदा ऑगस्ट. मुलगी.

तिनं खुर्ची ओढली आणि पाणी मागितलं.

"काय झालं, जज्जा?"

"काही नाही. चढ जरा जास्तच आहे."

इस्पितळामागच्या चाळवजा खोल्यांत तेओपिस्ता राहायची. वय ऐंशी. नान्तोंगो पोचली तेव्हा ती दारात बसून हिरवी केळी सोलत होती.

"ये गं. जेवूनच जा."

"तुझं सालीचं कापड दाखव, तेओ."

झाडाच्या सालीचं ते तांबूस कापड तिनं स्वतःच्या मयतासाठी घेऊन ठेवलं होतं.

"मेल्यावर बघ की! घाई कसली तुला?"

नान्तोंगोनं रुमाल उघडून तंतू पुढे धरले. तेओपिस्ताच्या हातातली सुरी थांबली. मग तिनं आत जाऊन पेटी उघडली. त्या कापडाच्या घडीत वही होती.

"निधी बुडवायचा असता तर सगळ्या वह्या गेल्या असत्या," नान्तोंगो म्हणाली. "गेली एकच. तीही मी येणार हे कळल्यावर. म्हणजे ही वही एकाच माणसापासून लपवायची होती. मेलेल्या बाळाच्या डोळ्यांत औषध कुणी घालत नाही. घातलं की लगेच खूण करायची, ही तुझी सवय. निकाल तू मागाहून लिहायचीस. ती एकोणीस बाळं जिवंत जन्मली होती, तेओ. त्यातलं एक माझं."

"तू कधी ती वही उघडली नाहीस."

"दहा पावलांवर होती. हिंमत झाली नाही. तुला ते ठाऊक होतं."

तेओपिस्तानं वही मांडीवर घेतली.

"अकरा मिनिटं होती ती. तेव्हा पिशवी एकच, ती दुसऱ्या खाटेवरच्या बाळाला लावलेली. तू शुद्धीवर नव्हतीस. बाळ रडलं होतं हे ज्या आईला कळतं, तिला तो आवाज जन्मभर ऐकू येतो गं. मी बघितल्यात अशा आया. जिवंत जन्मलंच नाही म्हटलं की बाई उठते, कामाला लागते. तू उठलीस."

"उठले. पण वरच्यांनी तुझेच आकडे वाचले. बाळं मेलेलीच जन्मतात म्हटल्यावर दुसरी पिशवी कोण देणार? नंतर किती वर्षं एकाच पिशवीवर काढली आपण?"

तेओपिस्तानं अंगातल्या पायघोळ झग्याचा, गोमेसीचा, सोगा पदरासारखा तोंडाला लावला.

"हे माझ्या मनात कधी आलंच नाही," ती म्हणाली. "देवाशपथ, कधीच नाही."

"तीन वाजता तू सांगायचंस. मी नाही."

"लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकतील कदाचित. मी शेजारी बसेन. चल."

तीन वाजता तेओपिस्तानं समितीपुढे एकोणीस ओळी वाचल्या आणि प्रत्येक ओळीनंतर म्हणाली, "जिवंत." बिरुंगीनं एकही ओळ काढली नाही, फक्त निकालाचा रकाना बदलत गेली. लुब्वामा खिडकीकडे तोंड करून उभे होते. समितीचे प्रमुख एवढंच म्हणाले, "पिशव्यांपासून सुरुवात करा."

उतरताना दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून चालत होत्या. फणसाच्या झाडाखाली नान्तोंगो थांबली.

"रडली ती?"

"बारीक. पण डोळ्यांत औषध घातलं तेव्हा रागावली. मूठ उगारली माझ्यावर."

"रागावली?" नान्तोंगो तिथंच खाली बसली. लेकीबद्दल तिला कळलेली ती पहिली गोष्ट होती. "अजून सांग."

तेओपिस्ता तिच्या शेजारी टेकली.

"अजून काय सांगू गं? अकराच मिनिटं होती."