निर्धास्तीचे थेंब

इचलकरंजीत हल्ली बारशाला गेलेल्या बायका बाळाचं वजन विचारत नाहीत. 'थेंब दिले का?' एवढंच विचारतात. आप्पा कोष्ट्यांच्या नातीला त्या दिवशीच थेंब दिले होते, त्यामुळे पेढे दुप्पट आणले होते.

या थेंबांचं नाव 'निर्धास्ती'. पैसा वारशानं मिळतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकही मिळतो, हे शास्त्रज्ञांना उशिरा कळलं. पिढ्यान्‌पिढ्या ओढाताण सोसलेल्या घरांत जनुकांवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. त्यांना धाकखुणा म्हणू लागले. अशा घरातलं मूल आपटायच्या भीतीनं उडीच मारत नाही. खात्यापित्या घरातलं मूल दोनदा आपटतं, तिसऱ्यांदा त्याला जमतं आणि लोक त्याला कर्तबगार म्हणतात. थेंबांनी या खुणा पुसल्या जात. अंगावर पिणारं बाळ आईचा धाक पुन्हा उचलतं, म्हणून आईलाही थेंब घ्यावे लागत.

आप्पांना हे लगेच पटलं. तरुणपणी मालकानं चालू माग विकायला काढले, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच विचारलं होतं. आप्पांना घाम फुटला, ते नको म्हणाले. शेजाऱ्यानं घेतले, कारण बुडालं तरी त्याच्यामागे बापाचं घर होतं. आज त्याची गिरणी आहे. आपल्या लेकीचं, रेवतीचं, असं होऊ नये म्हणून आप्पा झटले. स्वतः मात्र थेंब घेतले नाहीत. या वयात कुठं उड्या मारायच्या, म्हणाले.

थेंब द्यायला आलेल्या डॉ. आश्लेषा बर्वे पुण्याच्या, तीन पिढ्यांच्या सुखवस्तू घरातल्या. त्यांना थेंबांची गरजच नव्हती. सकाळीच गल्लीतल्या आणि बारशाला आलेल्या सगळ्यांनी हौसेनं रांग लावून थेंब घेतले आणि डॉक्टर बारशाला थांबल्या.

एरवी तोंडावर हात धरून हसणारी रेवती त्या दुपारी खदखदून हसली. नोकरी सोडून स्वतःच्या साड्या विणणार, असं तिनं जाहीर केलं. नाही खपल्या तर, असं नणंदेनं विचारलं, तर म्हणाली, "मग दुसरं काहीतरी करीन." हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. आप्पांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

बायका पाळणा म्हणत होत्या. तेवढ्यात पाळण्याची एक दोरी सुटू लागली. रेवतीनं पाहिलं, डॉक्टरांनीही पाहिलं.

"काही हुत नाही," रेवती हसून म्हणाली, आणि गाणं चालूच राहिलं.

आप्पा धडपडत धावले आणि बाळ त्यांनी कसंबसं झेललं.

धाप ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरात कुणालाच भ्या नव्हतं. मग तुम्ही ल्हान असताना धावायचं कोण?"

"मंजुळामावशी होत्या ना कामाला," डॉक्टर सहज म्हणाल्या. "त्या सारख्या घाबरायच्या."

बाळ घ्यायला चहूकडून हात पुढे आले. सगळे हसत होते, सगळ्यांचं बाळावर प्रेम होतं. आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाळ कुणाकडेच दिलं नाही.