वेशीला लावलेला शेंदूर

"काल आपन इथंच बसलो होतो ना?" कस्तुरा म्हणाली. "मंग बसाची जागा कुठं गेली?"

खेमा आणि बेबी बघतच राहिले. दक्षिण वेशीच्या कमानीखाली, दोन्ही अंगांना, काळ्या घडीव दगडांचे कट्टे होते. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून ही तिघं रोज सकाळी उजव्या कट्ट्यावर शेंगा फोडत बसायची. आज उजवा कट्टाच नव्हता. तिथे उकरलेली माती होती आणि मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या.

"चोर असतीन," बेबी म्हणाली. तिला कुठल्याही गोष्टीत आधी चोरच दिसत.

"दगड कोन चोरते, येडे?" खेमा हसला.

"चोर नसते तं इचारून नेलं असतं," कस्तुरा म्हणाली आणि चाकोरीच्या मागे चालू लागली.

सावरगव्हाणला कुणी खेडं म्हटलेलं तिथल्या लोकांना खपत नसे. "शहर म्हना, बाप्पा. आमच्या इथं नगरपालिका हाये," असं ते पाहुण्याला चहा पुढे करायच्या आधीच सुनावत. आणि शहरही साधंसुधं नव्हे, सीमेवरचं. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे हैद्राबादचं राज्य. दक्षिणेची वेस म्हणजे त्या सीमेचा दरवाजा. मग एकोणीसशे छप्पन्नचा नोव्हेंबर उजाडला, राज्यांची नवी मांडणी झाली आणि नदीचे दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात आले.

चाकोऱ्या थेट सरकारी बंगल्यापुढच्या मैदानात गेल्या. तिथे मोठा चबुतरा उभा राहत होता आणि त्याच्या पायात कट्ट्याचे दगड ओळीने बसवलेले होते. छत्री उघडून नगरपालिकेचे जगदेवराव मेंबर देखरेख करत होते. खेमाचा काका धनसिंग, गवंड्यांचा मुकादम, सूत धरून उभा होता.

"मेंबरसायेब, हे तं वेशीचे दगड हायेत," कस्तुरा म्हणाली.

"हायेत ना. असा घडीव माल आता कुठं भेटते? मुंबईचे पाहुणे येऊन राह्यले. सीमा गेल्याचा सोहळा हाये, पोरी. चबुतरा नोको?"

"मंग वेस?"

"सीमाच नाही राह्यली, तं वेस कायले पाह्यजे? उद्या कमानच उतरवतो. जा, खेळा तिकडं."

कस्तुराच्या कानशिलांत रक्त चढलं. ती वळली आणि इतक्या ताडताड चालली, की बेबीला धावावं लागलं.

कस्तुरा या शहरात जन्मली नव्हती. ती चार वर्षांची असताना नदीपलीकडे दंगे पेटले. घरं जळत होती. तिच्या बापाने तिला आणि मायला एका शेजाऱ्याच्या गाडीत बसवलं, "मी म्हशी घेऊन मागून येतो," म्हणाला, आणि तो कधीच आला नाही. त्या प्रवासातलं तिला एवढंच आठवे: डोक्यावरून सरकलेली एक थंड काळी कमान, आणि कट्ट्यावर बसून तिला गूळभाकरी भरवणारा एक अनोळखी हात. माय सांगे, त्या दिवसांत गाड्यांची रांगच लागली होती. रात्री-बेरात्री येणाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून सावरगव्हाणच्या लोकांनी वेशीची दारंच बिजागऱ्यांतून उतरवून ठेवली होती.

"त्या दगडावर बसून मी जेवली," कस्तुरा दात आवळून म्हणाली. "आता त्याच्यावर पाहुण्याच्या खुर्च्या मांडतीन म्हने."

"माह्या काकाचे गडी एका गोष्टीले भेतात," खेमा हळूच म्हणाला. "शेंदूर लागलेला दगड ते उचलत नाहीत. मागं शेताच्या बांधात असा एक निंघाला, तं त्याईनं बांधच वाकडा घातला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बेबीच्या घरचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत खेमाने घरून आणलेल्या तेलात कालवलेला शेंदूर डाव्या कट्ट्यावर आणि कमानीच्या पायथ्याच्या दगडांवर चढला. बेबीने दोन झेंडूही ठेवले. "फुलं नसली तं देव खरा वाटत नाही," ती म्हणाली.

उन्हं आली तेव्हा तिघं चिंचेआड दबून बसली होती. गडी आले, पहारी खांद्यावरून उतरल्या आणि जागीच थांबल्या. धनसिंगने पागोटं सारखं केलं, हात जोडले.

"इथं काम होत नाही," तो म्हणाला.

खेमाने तोंडात मूठ कोंबली. इथवर सगळं बेतल्यासारखं झालं. पण पाण्याला निघालेल्या बायका थांबल्या, कुणी नारळ आणला, कुणी उदबत्ती. बातमी बाजारात गेली. दुपारच्या आत वेशीपुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. खुद्द मेंबर छत्री मिटून, जोडे काढून आले, आणि डोळे मिटून पाया पडले.

"देवाचं मन दुखवाचं नाही," ते उठून म्हणाले. "शेंदराचे दगड सोडा, तिथंच लहानसं देऊळ बांधू. वरची कमान तेवढी उतरवून घ्या."

"हे मात्र बराबर," गर्दीतून कुणी म्हणालं. गडीही माना हलवू लागले. कमानीला कुठे शेंदूर होता?

कस्तुरा चिंचेआडून उठली. खेमाने परकर ओढला, "माहा काका मले जित्ता सोडनार नाही" म्हणाला, पण ती गर्दीत घुसली होती.

"तिथं देव नाही," ती ओरडली. "शेंदूर मी लावला. दुसऱ्या कोनी नाही. मी."

मग मेंबरांचा हात उगारला गेला. "देवाची थट्टा करतं, कार्टे?"

"मारा. पन आधी मले सांगा, याच वेशीचे दगड तुमी गाडीत घातले, तवा कोनी नारळ नाही फोडला. आज शेंदूर दिसला तं जोडे काढले. म्हंजे दगडाले शेंदूर पाह्यजे. मानसाले काय लावू?" तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "माही माय या कमानीतून आली. मी आली. तुमी दारं उतरवून ठेवली होती आमच्यासाठी. तुमीच. इसरले? शहर म्हना, शहर म्हना, लोकाईले सांगता. शहर काय सरकारी बंगल्यानं झालं?"

मग भाजीची टोपली खाली ठेवून म्हातारी गोजराबाई पुढे आली. "माही गाडीबी इथूनच आली," ती म्हणाली. "नातू पोटाशी होता."

"आमची बी," मागून एक आवाज आला. आणखी एक आला. आपापल्या जागेवरून माणसं एक एक करून पुढे सरकली आणि कमानीखाली जाऊन उभी राहिली. मेंबरांनी इकडेतिकडे पाहिलं. उगारलेला हात त्यांनी उगाच छत्रीच्या मुठीवर ठेवला.

"मुकादम," ते म्हणाले, "काय म्हनता?"

धनसिंगने पहार उचलून खांद्यावर टाकली. "पोरगी म्हनते देव नाही. नसन. तरी आमी हात लावत नाही," तो म्हणाला. मग चिंचेआडच्या पुतण्याकडे न बघता, "शेंदूर कालवाले तेल कोनी देल्लं, ते घरी गेल्यावर पाहू."

त्याच संध्याकाळी चबुतऱ्याचा पाया उसवून दगड परत आले. कस्तुरा शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत हलली नाही. शाळेचे हेडमास्तर पाठ थोपटायला आले, तर ती म्हणाली, "आधी तो कोपऱ्यातला सरळ बसवाले सांगा, गुरुजी."

सोहळ्याच्या दिवशी, चबुतरा नसल्याने, पाहुण्यांचं भाषण वेशीपुढेच, सतरंजीवर झालं. मेंबर स्वागताला उभे राहिले. "ही ऐतिहासिक वेस आम्ही मोठ्या अभिमानानं जतन केली आहे," त्यांनी सुरुवात केली.

"आमी म्हंजे कोन?" मुलींच्या रांगेतून कस्तुराने विचारलं.

आधी गोजराबाई हसली, मग सगळी वेस हसली. मेंबर लालबुंद झाले, पण शेवटी, तोवर शहरभर झालेली तिघांची नावं त्यांनी घेतली आणि सगळी हकिगत खरीखुरी सांगितली. पाहुण्यांनी कस्तुराला पुढे बोलावलं. "शाबास, बेटा. या शहराला तू त्याची ओळख परत दिलीस. काय बक्षीस देऊ?"

"बक्षीस नोको," कस्तुरा म्हणाली. राग अजून पुरता उतरला नव्हता. "जुनं काई पाडाच्या आधी इचारत जा."

"कोणाला?"

तिने मागे बसलेल्या साऱ्या माणसांकडे हात केला.

"याईले."